उसाच्या ट्रॉलीचे मागील दिवे व त्यांची जोडणी

सोलापूर जिल्ह्यात ऊस गळिताचा हंगाम बहुधा कार्तिकी एकादशीच्या सुमारास सुरू होतो. भीमा नदीवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाल्यानंतर माढा, माळशिरस, पंढरपूर, करमाळा व मोहोळ या तालुक्यांत उसाचे क्षेत्र वाढले आणि त्याबरोबर ऊस वाहतूकही वाढली. अकलूज, श्रीपूर, गुरसाळे, पिंपळनेर येथील कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर हंगामाचे चार-पाच महिने रात्रंदिवस ट्रॅक्टर चालू असतात. एकेका ट्रॅक्टरामागे दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात. त्याच रस्त्यांवर कार्तिकीला व पुढे माघीला पंढरपुराकडे पायी निघालेल्या दिंड्या असतात, मोटारसायकलवरून घरी परतणारे लोक असतात, आणि महामार्गावर तर ताशी ऐंशी-शंभर किलोमीटर वेगाने धावणारी वाहनेही असतात.

या ट्रॅक्टरांचे एक वैशिष्ट्य कोणाच्याही नजरेत भरेल. ट्रॅक्टराच्या पुढील बाजूस रंगीबेरंगी दिव्यांच्या माळा, छपरावर चार-चार प्रखर दिवे व जोडीला गाण्यांचा कर्णा असतो. मात्र शेवटच्या ट्रॉलीच्या मागे एक तांबडा दिवाही नसतो. हौसेला मोल नसते हे खरे, आणि दिवसरात्र गाडीवर बसणाऱ्या चालकाने थोडे गाणे ऐकले तर त्यास दोष देण्याचे कारण नाही. परंतु जो माणूस पैसे खर्चून पुढे आठ दिवे बसवू शकतो, त्याला मागे दोन दिवे बसविणे जड जाणार नाही. ते बसविले जात नाहीत याचे कारण खर्च नसून जोडणीची अडचण हे आहे. पुढील दिवे ट्रॅक्टरावर कायमचे बसतात. मागील दिवे मात्र खेपेखेपेस सुटणाऱ्या, चिखलात लोळणाऱ्या व मोळ्यांच्या माऱ्यात सापडणाऱ्या ट्रॉलीवर बसवावे लागतात. तेथे तारा तुटतात, दिवे फुटतात, आणि एकदा बंद पडलेला दिवा हंगाम संपेपर्यंत बंदच राहतो. यास्तव ही जोडणी टिकाऊ रीतीने कशी करावी याची माहिती या लेखात दिली आहे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वीच्या शेतकरी सभेत एखादा ट्रॅक्टर उभा करून ती प्रत्यक्ष दाखवावी.

अंतराचा हिशेब

प्रथम एक साधा हिशेब ध्यानात घ्यावा. चाक पंक्चर झाल्याने रस्त्यावर उभी राहिलेली, मागे दिवा किंवा परावर्तक नसलेली ट्रॉली मागून येणाऱ्या मोटारीच्या खालच्या झोतात सुमारे ४० मीटरांवर आल्यावर दिसली असे समजू. उसाचा रंग काळपट, वाढ्याचा मातकट, व रस्त्याचाही तसाच. त्यामुळे हे अंतर प्रत्यक्षात याहून कमीही भरते. मोटारीचा वेग ताशी ८० किलोमीटर असल्यास ती एका सेकंदात २२ मीटर जाते. धोका दिसल्यापासून चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत सव्वा ते दीड सेकंद जातो. म्हणजे तीसएक मीटर केवळ समजण्यातच गेले. त्यापुढे कोरड्या डांबरी रस्त्यावर गाडी थांबण्यास आणखी ३५ मीटर तरी लागतात. एकूण ६५ ते ७० मीटर हवेत आणि हाताशी आहेत ४०. चालक कितीही सावध असला तरी तो थांबू शकणार नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये वाहनाचा मागील तांबडा दिवा १५५ मीटरांवरून दिसला पाहिजे. १५५ मीटर म्हणजे ऐंशीच्या वेगाने सात सेकंद. सात सेकंदांत माणूस पाहतो, वेग कमी करतो, समोरून काय येते आहे ते बघतो व बाजूने निघून जातो. दोन लहानशा दिव्यांनी जो फरक पडतो तो हाच.

ट्रॉली चालत असतानाही धोका संपत नाही. भरलेला ट्रॅक्टर ताशी वीसच्या वेगाने चालतो. मागील मोटारीच्या चालकास दूरवर अंधारात काहीतरी आहे एवढे कळले तरी ते इतक्या मंद गतीने चालले आहे हे त्याच्या लक्षात येत नाही. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात १९६० च्या दशकाच्या आरंभी याच प्रश्नाचा अभ्यास झाला, आणि त्यातून मंदगती वाहनांमागे लावावयाची नारिंगी त्रिकोणी पाटी, तांबड्या चकाकत्या काठाची, तयार झाली. पुढे ती अनेक देशांत रूढ झाली. तेथील शेतकऱ्यांचीही अडचण आपल्यासारखीच होती.

किती वीज आहे व किती खर्च होते

जोडणीस हात घालण्यापूर्वी ट्रॅक्टराच्या विजेचा जमाखर्च मांडावा. आपल्याकडील ट्रॅक्टर १२ व्होल्टचे असतात. बॅटरी साधारणतः ७५ ते ८८ अँपिअर-तासांची, व ती भरणारा अल्टरनेटर, ज्यास आपण अजूनही डायनॅमोच म्हणतो, पुष्कळ ट्रॅक्टरांवर ३६ अँपिअरच्या आसपास असतो. नेमका आकडा त्याच्या पाटीवर पाहावा. दिव्यावर जितके वॅट लिहिलेले असतील त्यास १२ ने भागले की तो दिवा किती अँपिअर घेतो ते मिळते. पुढील दोन हॅलोजन दिवे प्रत्येकी ५५ वॅटचे धरल्यास ११० वॅट, म्हणजे नऊ अँपिअरांहून थोडे अधिक. छपरावर तसेच आणखी चार दिवे लावल्यास आणखी अठरा. झाले सत्तावीस. त्यात गाण्याच्या यंत्राचे दहा मिळविले की ३६ अँपिअर संपले, आणि बॅटरी भरण्यास काही उरले नाही. शिवाय अल्टरनेटर आपली पूर्ण वीज इंजिन वेगात असतानाच देतो. मंद गतीत, कारखान्याच्या रांगेत, तो त्याहून बरीच कमी देतो. हंगामाच्या मध्यावर 'बॅटरी धरत नाही' म्हणून जे नवी बॅटरी विकत घेतात त्यांनी आधी हा हिशेब करून पाहावा.

मागील दिव्यांचा खर्च याच्या तुलनेत नगण्य आहे. साधा मागील बल्ब ५ वॅटचा असतो. दोन ट्रॉल्यांचे चार दिवे मिळून २० वॅट, म्हणजे पावणेदोन अँपिअरही नाही. ट्रॉली रात्रभर रस्त्याकडेला उभी करून हे चारही दिवे दहा तास चालू ठेवले तरी बॅटरीतून सतरा अँपिअर-तासच जातात. चांगली बॅटरी सकाळी इंजिन सुरू करू शकते. उलट पुढील हॅलोजन चालू ठेवल्यास तीच बॅटरी आठ तासांत रिकामी होईल. कित्येक चालक बॅटरी उतरेल या भीतीने उभ्या ट्रॉलीचे सर्वच दिवे बंद करतात. ही भीती मागील दिव्यांपुरती अनाठायी आहे, हे त्यांना आवर्जून सांगावे. एल.ई.डी. दिवे वापरले तर हा खर्च याच्याही एका लहान अंशावर येतो. ट्रॉलीसाठी रबरात बंद केलेले, पाणी न शिरणारे १२ व्होल्टचे एल.ई.डी. दिवेच घ्यावेत असे माझे मत आहे. हादऱ्याने बल्बची तार तुटते तशी येथे तुटावयास काही नसते.

तार, फ्यूज व बटण

तार घेताना घरगुती वायरिंगची एकेरी कडक तार घेऊ नये. वाहनाच्या हादऱ्याने ती आतल्या आत तुटते. अनेक बारीक तारांची, लवचीक, वाहनासाठी बनविलेली तांब्याची तार घ्यावी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तारही बाजारात मिळते. चाकूने खरवडून पाहिल्यास आतील पांढरा रंग दिसतो. ती स्वस्त असली तरी घेऊ नये.

तारेची जाडी अंतरावरून ठरवावी लागते, आणि येथेच बहुतेकांची चूक होते. ट्रॅक्टराच्या बॅटरीपासून दुसऱ्या ट्रॉलीच्या टोकापर्यंत सुमारे १४ मीटर अंतर भरते. वीज जाते व परत येते, म्हणून २८ मीटर तार धरावी. १ चौरस मिलिमीटरच्या एवढ्या तांब्याच्या तारेचा विरोध सुमारे अर्धा ओहम होतो. शेवटच्या ट्रॉलीचे ब्रेकचे दोन बल्ब प्रत्येकी २१ वॅटचे, म्हणजे साडेतीन अँपिअर घेणारे असतील, तर वाटेतच पावणेदोन व्होल्ट खर्च होतात. बल्बचा उजेड व्होल्टेजच्या मानाने फार वेगाने घटतो. व्होल्टेज दहा टक्के कमी झाले की उजेड सुमारे तीस टक्के कमी होतो. येथे तर व्होल्टेजच चौदा-पंधरा टक्के कमी झाले आहे. हीच तार अडीच चौरस मिलिमीटरची घेतली, जिला दुकानात 'अडीचची वायर' म्हणतात, तर नुकसान पाऊण व्होल्टाच्या आत राहते. म्हणून मुख्य तार व परतीची तार अडीचची, आणि तिच्यापासून एकेका दिव्याकडे जाणारी तार एक किंवा दीडची घ्यावी. एल.ई.डी. दिवे असतील तर एवढ्या जाडीची विजेसाठी गरज नसते. तरी मुख्य तार दीडहून बारीक घेऊ नये, कारण बारीक तार ओढाताणीत टिकत नाही.

फ्यूज ही जोडणीतील सर्वांत स्वस्त वस्तू, व तीच सर्वांत अधिक वेळा वगळली जाते. फ्यूज दिव्याचे रक्षण करण्यासाठी नसून तारेचे रक्षण करण्यासाठी असतो. म्हणून तो तारेच्या आरंभी, बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरातच बसवावा. दिव्याजवळ बसविलेला फ्यूज त्याच्या अलीकडे तार घासून उघडी पडल्यास काहीच करू शकत नाही. दीडच्या तारेस १० अँपिअरचा व अडीचच्या तारेस १५ अँपिअरचा फ्यूज पुरेसा आहे. एकाच मार्गात जाड व बारीक अशा दोन्ही तारा असतील तर फ्यूज बारीक तारेच्या मानाने घ्यावा. फ्यूज उडाल्यास त्याच्या जागी तारेचा तुकडा किंवा सिगारेटच्या पाकिटातील चांदी घालू नये. उडालेला फ्यूज काहीतरी सांगत असतो, ते शोधावे.

दोन हंगामांपूर्वी मोहोळ तालुक्यातील एका वस्तीवर गेलो असता एका शेतकऱ्याने मला आपला ट्रॅक्टर दाखविला. छपरावरील दिव्यांसाठी त्याने बॅटरीपासून थेट तार नेली होती. मध्ये फ्यूज नव्हता. तार बॉनेटच्या पत्र्याच्या कडेवरून गेली होती व तेथे रबरी बुश घातलेला नव्हता. दीड महिन्यात हादऱ्यांनी तारेचे आवरण घासले गेले, तार पत्र्यास टेकली, आणि ट्रॅक्टर पाचटाच्या ढिगाशेजारी उभा असताना तारेने पेट घेतला. शेतकऱ्याने प्रसंगावधान राखून पान्याने बॅटरीची जोडणी सोडविली. तळहात भाजला, परंतु पाचट वाचले. पाच-दहा रुपयांच्या फ्यूजने हे सारे टळले असते, असे तोच मला म्हणाला. मला सांगावे लागले नाही.

बटणाविषयीही थोडे सांगणे आवश्यक आहे. बाजारात मिळणारी लहान बटणे पुढील भारी दिव्यांची वीज फार दिवस सोसू शकत नाहीत. त्यांची आतील टोके जळतात, बटण गरम होते व शेवटी चिकटते. यावर उपाय म्हणजे रिले. रिले ही एक लहान डबी असून तिच्यात विजेने ओढले जाणारे दुसरे बटण असते. हाताजवळचे बटण केवळ त्या डबीस हुकूम देते. भारी वीज डबीतून जाते. तिच्या चार टोकांवर आकडे कोरलेले असतात. ३० या टोकास बॅटरीकडून फ्यूजमार्गे आलेली जाड तार जोडावी. ८७ वरून दिव्यांकडे तार न्यावी. ८६ ला हाताजवळच्या बटणाची बारीक तार द्यावी व ८५ चासीस जोडावे. डबी शक्यतो टोके खाली येतील अशी बसवावी, म्हणजे तिच्यात पाणी साचत नाही. नांगरणीच्या किंवा मळणीच्या कामासाठी मागील बाजूस जे पांढरे प्रखर दिवे लावतात त्यांचे बटण वेगळे व रिलेवर असावे, आणि रस्त्यावर येताना ते न चुकता बंद करावेत. मागे तोंड केलेला पांढरा दिवा मागून येणाऱ्याचे डोळे दिपवितो, व कित्येकदा समोरून वाहन येत आहे असाच त्याचा समज होतो.

ट्रॉलीपर्यंत वीज नेणे

आता मुख्य भागाकडे वळू. पुष्कळ ट्रॅक्टरांच्या मागे सात पिनी सॉकेट बसविलेले असते. बऱ्याच ठिकाणी ते कधी उघडलेलेच नसते. आत चिखलमाशीचे घर आढळते. आंतरराष्ट्रीय प्रघाताप्रमाणे पिन १ वर डावा इंडिकेटर व तिची तार पिवळी, ३ वर अर्थ व तार पांढरी, ४ वर उजवा इंडिकेटर व तार हिरवी, ५ वर उजवा मागील दिवा व तार तपकिरी, ६ वर ब्रेकचा दिवा व तार तांबडी, आणि ७ वर डावा मागील दिवा व तार काळी, अशी मांडणी असते. पिन २ जादा कामासाठी असते व बहुधा रिकामी ठेवतात. पिनांचे आकडे सॉकेटवरच बारीक अक्षरांत असतात. तथापि आपल्याकडे तारांचे रंग पाळले जातातच असे नाही. म्हणून एका लहान बल्बला दोन तारा जोडून टेस्ट लॅम्प करावा, त्याचे एक टोक चासीस लावून दुसऱ्याने एकेक पिन तपासावी, आणि मगच ट्रॉलीची तार जोडावी.

पिन ३ ची पांढरी तार वगळण्याचा प्रघात फार आहे. ट्रॉली लोखंडी, ट्रॅक्टर लोखंडी, मध्ये हूक लोखंडी. मग अर्थची वेगळी तार कशाला, असा युक्तिवाद ऐकू येतो. हूक व पिन यांच्यामध्ये वंगण, गंज व माती असते. ट्रॉली उंचसखल रस्त्यावर उसळली की त्यांचा स्पर्श क्षणोक्षणी तुटतो. दिवे लुकलुकतात, आणि ब्रेक दाबला असता मागील दिवे उजळण्याऐवजी मंद होतात. इंडिकेटर दिला तर दुसऱ्या बाजूचाही दिवा उघडझाप करू लागतो, कारण वीज परतीची वाट न सापडल्याने दुसऱ्या दिव्यातून मार्ग काढते. असे काही दिसले की बल्ब बदलू नये, अर्थ तपासावा. पांढरी तार ट्रॅक्टराच्या चासीपासून शेवटच्या ट्रॉलीच्या शेवटच्या दिव्यापर्यंत अखंड न्यावी. चासीस जोडताना रंग खरवडून चकचकीत लोखंडावर थिंबल बसवावे, बोल्ट आवळावा व वरून ग्रीस लावावे.

दोन ट्रॉल्या असतील तर पहिल्या ट्रॉलीच्या मागेही तसेच सात पिनी सॉकेट बसवावे लागते. हे न केल्यानेच बहुधा पहिल्या ट्रॉलीचे दिवे लागतात व दुसरीचे नाहीत. पहिल्या ट्रॉलीचा दिवा दुसरीच्या भाराआड झाकला जातो, म्हणजे लागला काय न लागला काय सारखेच. एखाद्यास एकाच ट्रॉलीचा खर्च करावयाचा असेल तर तो शेवटच्या ट्रॉलीचा करावा.

दोन ट्रॉल्यांचे साधे बल्ब ट्रॅक्टराच्या मूळ जोडणीवर चढविल्यास आणखी एक अडचण उद्भवते. इंडिकेटरचा प्रत्येक बल्ब २१ वॅटचा. ट्रॅक्टराचे दोन व ट्रॉल्यांचे दोन मिळून एका बाजूस ८४ वॅट, म्हणजे सात अँपिअर होतात. मूळ फ्लॅशर अर्ध्याच भाराच्या हिशेबाने दिलेला असेल तर तो बिघडतो. अधिक भाराचा फ्लॅशर बसवावा, किंवा ट्रॉलीवर एल.ई.डी. दिवे घ्यावेत. मागील व ब्रेकच्या दिव्यांसाठी वर सांगितल्याप्रमाणे वेगवेगळे रिले लावता येतात. ट्रॅक्टराच्या मूळ मागील दिव्याची तार रिलेच्या ८६ ला द्यावी. मग चालकाने नेहमीचे बटण दाबले की ट्रॉलीचे दिवे आपोआप लागतात व त्यास वेगळे बटण लक्षात ठेवावे लागत नाही. फक्त एक गोष्ट पाहावी. किल्ली काढल्यावर ज्या ट्रॅक्टराचे मागील दिवेही बंद होतात, त्यावर उभ्या ट्रॉलीसाठी बॅटरीकडून फ्यूजमार्गे एक स्वतंत्र बटण अवश्य द्यावे.

तार ट्रॉलीखालून नेताना ती चासीच्या आतील बाजूने, पाण्याच्या नळीत किंवा लवचीक पाइपात घालून न्यावी. दर हातभर अंतरावर ती बांधावी. एक्सल व पाटे यांच्यापासून ती दूर राहिली पाहिजे. हूकजवळ तार इतकी सैल ठेवावी की ट्रॅक्टर पूर्ण वळला तरी ती ताणली जाणार नाही, आणि इतकी सैल नसावी की जमिनीस लागेल. तारांचे जोड पिळून त्यावर चिकटपट्टी गुंडाळणे हे काम एका पावसापुरते असते. जोडास डाग द्यावा किंवा पक्कडीने दाबण्याची थिंबले वापरावीत, व वर आकसणारी रबरी नळी चढवावी.

दिव्याची जागा

दिवा लागतो, पण दिसत नाही, ही तक्रार उसाच्या ट्रॉलीच्या बाबतीत सर्वांत मोठी आहे. रिकाम्या ट्रॉलीवर दिवा पाहिला तर उत्तम असतो. तीच ट्रॉली भरली की मोळ्यांची टोके व वाढे मागे तीन-चार फूट लोंबतात व दिवा पूर्ण झाकतात. कायमचा बसविलेला दिवा म्हणूनच पुरत नाही.

यावर एक सोपा उपाय आहे. ट्रॉलीच्या रुंदीइतकी एक लाकडी फळी किंवा पत्र्याची पट्टी घ्यावी. तिच्या दोन्ही टोकांस मागील दिवा, ब्रेकचा दिवा व इंडिकेटर बसवावेत. मध्ये क्रमांकाची पाटी व तिच्यावर पांढरा लहान दिवा लावावा. टोकांवर तांबडे परावर्तक व चकाकती पट्टी चिकटवावी. फळीस दोन आकडे करून ती भारावरून आवळलेल्या दोराला, उसाच्या सर्वांत मागील टोकाच्याही बाहेर, लटकवावी. तिची केबल ट्रॉलीच्या मागील सॉकेटात घालावी. कारखान्यावर काट्यावरून गव्हाणीकडे जाण्यापूर्वी फळी काढून ट्रॅक्टरावर ठेवावी, म्हणजे ती मोळ्यांखाली मोडत नाही. गाडी रिकामी परतताना तीच फळी ट्रॉलीच्या मागील फाळक्यास अडकवावी. फळी झोके खाऊ नये म्हणून खालून एक दोरी बांधून घ्यावी. मी पाहिलेल्या अशा फळ्या गावच्या सुताराने व मोटार वायरमनने मिळून एका दुपारी तयार केल्या आहेत, व एकच फळी हंगामभर दोन ट्रॉल्यांच्या जोडीस पुरते.

परावर्तकांस वीज लागत नाही. म्हणून दिवे आहेत या सबबीवर ते वगळू नयेत. मागे तांबडे, पुढे पांढरे व दोन्ही कुशींस पिवळे लावावेत. कुशीचे परावर्तक विशेष महत्त्वाचे आहेत, कारण शेतातून रस्त्यावर आडवी येणारी दुहेरी ट्रॉली पूर्ण रस्ता अडविते आणि तिच्या कुशीस एकही दिवा नसतो. आठवड्यातून एकदा ते ओल्या फडक्याने पुसावेत. चिखलाखाली झाकलेला परावर्तक नसल्यासारखाच. बैलजोडीच्या टायरगाडीस तर दुसरा आधारच नाही; तिच्या मागे तांबडे परावर्तक खिळ्यांनी ठोकून द्यावेत. ऊसतोडणीस परजिल्ह्यांतून आलेली कुटुंबे मुलाबाळांसह या गाड्यांवरून रात्री प्रवास करतात, याची आठवण गाडी भरून घेणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याने ठेवावी.

काम करताना

जोडणीस आरंभ करताना बॅटरीचे ऋण टोक प्रथम सोडवावे व शेवटी जोडावे. हा क्रम उलटा केल्यास, धन टोक सोडविताना पान्याचा स्पर्श चासीस होऊन मोठी ठिणगी पडते. इंजिन चालू असताना बॅटरी कधीही सोडवू नये. अल्टरनेटर जळण्याचा संभव असतो. ट्रॉलीस वेल्डिंग करावयाचे असेल तेव्हा तिची सात पिनी केबल ट्रॅक्टरातून काढावी, आणि ट्रॅक्टरासच वेल्डिंग करावयाचे असल्यास बॅटरी व अल्टरनेटर या दोहोंच्या तारा सोडवाव्यात. वेल्डिंगची वीज तारांतून परत फिरून एल.ई.डी. दिवे व अल्टरनेटर दोन्ही निकामी करते, आणि दोष मात्र दिवे विकणाऱ्यास दिला जातो.

काम पूर्ण झाल्यावर त्याच रात्री परीक्षा घ्यावी, तीही भरलेल्या ट्रॉलीवर. एकाने चालकाच्या जागी बसून बटणे व ब्रेक क्रमाने दाबावेत. दुसऱ्याने ट्रॉलीच्या मागे सरळ दोनशे पावले चालत जावे, म्हणजे १५५ मीटरांच्या जवळपास अंतर होते. तेथून वळून पाहावे. दोन्ही तांबडे दिवे स्वच्छ दिसले, ब्रेक दाबताच ते उजळले, व इंडिकेटर कोणत्या बाजूचा आहे ते ओळखता आले, तर जोडणी ठीक झाली. दिवे दिसत नसतील तर बहुधा वाढे आड आले असतात; ते कोयत्याने छाटावेत किंवा फळी आणखी मागे ओढावी. दिवे मंद असतील तर प्रथम अर्थ व मग तारेची जाडी पाहावी.

ही पाहणी पुढे प्रत्येक खेपेस शेत सोडण्यापूर्वी करावी. दोनशे पावले चालण्याची गरज त्या वेळी नाही. ट्रॉलीमागे एकदा फेरी मारली तरी पुरे. ट्रॅक्टराच्या हत्यारपेटीत दोन जादा फ्यूज, एक जादा मागील दिवा, हातभर तार, टेस्ट लॅम्प व तांबडा त्रिकोण ठेवावा. ट्रॉली वाटेत बंद पडल्यास मागील दिवे चालू ठेवून त्रिकोण पन्नास-साठ पावले मागे मांडावा. चाकांना लावलेले दगड मात्र निघण्यापूर्वी स्वतःच्या हाताने रस्त्याबाहेर टाकावेत. मागून अंधारात येणाऱ्या मोटारसायकलला ते दिसत नाहीत.